पिकअपचा टायरॉड एंड: प्ले कसा ओळखायचा, सांधा कसा बदलायचा

चिरेखाणीतून भरलेली पिकअप बाहेर काढताना पहिला अर्धा किलोमीटर डांबर लागत नाही. लाल मातीचा भुगा, चिऱ्यांचे फुटके तुकडे आणि मध्ये मध्ये चाक बुडेल असे खड्डे. मी लांजा तालुक्यातला. दिवाळीनंतर मार्चपर्यंत चिरे वाहतो, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जातो. गेल्या १२ वर्षांत गाडीच्या पुढच्या भागातली सगळ्यात जास्त वेळा बदललेली वस्तू म्हणजे टायरॉड एंड. क्लच आणि ब्रेकबद्दल सगळेच बोलतात. स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत पोचवणारा हा मुठीएवढा सांधा मात्र टायर खाल्ला जाईपर्यंत कुणाला आठवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मला स्वतःला तो उशिराच आठवला होता. एप्रिलचा दुसरा आठवडा, आंब्याची घाई. गाडी ६० च्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायचं. मी अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांची दिशा जुळवणं, करून घेतलं. दहा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा करून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी टाकलेल्या डाव्या टायरची आतली कड तोवर पार गुळगुळीत झाली होती. दोन्ही वेळा मशीनवर आकडे बरोबर आले, पण गाडीखाली जाऊन सांधा हातात धरून कुणी हलवून बघितला नाही. मीही नाही. एका रात्री पेट्या भरून निघालो आणि सावर्ड्याच्या अलीकडे चाक एका खड्ड्यातून गेलं. स्टेअरिंग सरळ धरलेलं असताना गाडी हातभर डावीकडे गेली. बाजूला घेतली, टॉर्च लावून वाकलो. रबराचा बूट फाटून लोंबत होता, ग्रीसच्या जागी लाल चिखल होता आणि सांधा हाताने खुळखुळत होता. पेट्या मागून येणाऱ्या गावच्याच गाडीत चढवल्या आणि माझी तिथेच उभी केली. सकाळी एंड सोडवल्यावर बॉल हाताने ओढताच वाटीतून बाहेर आला. पुढे परशुराम घाट होता.

त्या दिवसापासून माझा नियम एकच: आधी प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, बघायचा, मग अलाइनमेंट. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट गाडी मशीनवर उभी असेपर्यंतच खरं असतं. उभ्या गाडीत बॉल वाटीत एका जागी बसलेला असतो. गाडी धावायला लागली की रस्ता चाकाला मागे रेटतो, बॉल वाटीत सरकतो आणि ठरवलेला कोन उरत नाही.

आता सांधा म्हणजे काय ते बघू. आपल्या खांद्यासारखा हा उखळीचा सांधा आहे. एका बाजूला लोखंडी वाटी, तिच्यात प्लॅस्टिकची किंवा धातूची गादी, गादीत गोल बॉल आणि बॉलला जोडलेला दांडा. हा दांडा खालून वर निमुळता होत जातो, त्याला गॅरेजमध्ये टेपर म्हणतात. तो चाकाच्या स्टेअरिंग आर्मच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या लोखंडी हाताच्या, तशाच निमुळत्या भोकात बसतो. वर नट आणि नटात आडवी स्प्लिट पिन. वाटीची दुसरी बाजू आट्यांनी टायरॉडच्या लांब दांड्यावर बसते. वाटीच्या तोंडावर रबराचा बूट. या बुटाचं काम ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणं एवढंच. बूट फाटला की लाल माती ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी बॉल घासत राहते. आमच्याकडच्या रस्त्यावर फाटका बूट घेऊन फिरणं म्हणजे सांध्याचे दिवस मोजणं.

सगळ्या पिकअपची रचना सारखी नसते, त्यामुळे आधी आपल्या गाडीखाली वाकून बघा. काहींना पुढे अखंड एक्सल असतो. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा एकच लांब दांडा दिसेल, त्याच्या दोन टोकांना दोन एंड, आणि स्टेअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मकडून ओढ आणणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, वेगळी. तिलाही असेच सांधे असतात. काहींना रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी, असतो. मधल्या रॅकमधून दोन्ही बाजूंना एकेक दांडा निघतो. बाहेरच्या टोकाला टायरॉड एंड आणि आतल्या टोकाला, घडीच्या रबराखाली, रॅक एंड. माझी गाडी रॅकवाली आहे, पण सोडवण्या-बसवण्याची रीत दोन्हीकडे जवळपास तीच.

तपासायला लागण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. एक, चारही टायरची हवा. दुसरी, गाडी रिकामी करा. मागे वजन जास्त झालं की पुढचा भाग हलका होतो आणि स्टेअरिंग उगाच ढिलं, तरंगल्यासारखं लागतं. चिऱ्याची खेप भरलेली असताना मला कितीदा वाटलंय की सांधे गेले, आणि रिकामी केल्यावर गाडी सरळ! उलट रिकाम्या गाडीतही ती रस्त्यावर इकडेतिकडे जात असेल, सारखी सावरावी लागत असेल, हळू वेगात वळताना किंवा खड्ड्यात पुढून टक्‌ असा एकच आवाज येत असेल, तर मग खाली जायला हवं.

आत शिरण्याआधी टायरवरून तळहात फिरवा. आतून बाहेर एकदा, बाहेरून आत एकदा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागली, तर चाक सरळ न लोळता थोडं तिरकं फरफटतंय. चाकांची तोंडं चुकलीत एवढं त्यातून कळतं, ती कशामुळे चुकलीत हे टायर सांगत नाही.

पहिली परीक्षा चाकं जमिनीवर ठेवूनच करायची. याला दोन माणसं लागतात. माझा पुतण्या आत बसतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. तो स्टेअरिंग मुठीएवढं डावीकडे, मुठीएवढं उजवीकडे असं भराभर हलवतो आणि मी खाली पालथा पडून एंडवर हात ठेवतो: चार बोटं वाटीवर, अंगठा स्टेअरिंग आर्मवर. सांधा चांगला असेल तर दांडा, वाटी आणि आर्म तिन्ही एकदम हलतात. खराब असेल तर वाटी आधी हलते, आर्म अंमळ मागून, आणि त्या मधल्या क्षणी अंगठ्याला टक्‌ लागतं. डोळ्याला न दिसणारा प्ले या पद्धतीने बोटाला कळतो. एकेक सांधा करत जा. डावा, उजवा, ड्रॅग लिंक असेल तर तिची दोन्ही टोकं. रॅक असेल तर घडीचं रबर मुठीत दाबून आतला रॅक एंडही बघा. अगदी हाच प्रकार मी इंजिन चालू ठेवून करत नाही, कारण हात पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ असतो.

दुसरी परीक्षा चाक उचलून. जॅक लावा, खाली स्टँड द्या, मग चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवा. प्ले लागला तर दुसऱ्या माणसाला सांधा बघायला सांगा. मग तेच चाक १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. फक्त ९-३ ला प्ले असेल तर संशय टायरॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकवर. १२-६ लाही लागला तर चाकाची हब बेअरिंग, किंवा चाक ज्यावर वळतं तो बॉल जॉइंट किंवा किंगपिन. त्यातही फोड करता येते: आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिली आहे. तरीही राहिला तर दोष बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये. ही फोड केली नाही तर माणूस चांगला एंड काढून नवा टाकतो, आणि टक्‌-टक्‌ तसंच राहतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दांडा मुठीत धरून त्याच्याच अक्षाभोवती फिरवला तर तो थोडा डोलतो. तो दोष नाही. उखळीचा सांधा आहे, तेवढं फिरणं त्याचं कामच आहे. काही एंडमध्ये आत स्प्रिंग असते, मोठ्या पकडीने वरखाली दाबल्यावर ते किंचित दबतात. तेवढ्याने घाबरायचं नाही. पण दांड्याच्या दिशेने, म्हणजे स्टेअरिंगची ओढ ज्या दिशेने जाते त्या दिशेने, जराही सैलपणा चालत नाही. आणि प्ले नसला तरी बूट फाटलेला असेल तर मी एंड बदलायच्या यादीत घालतो. आत गेलेली माती काही बाहेर निघत नाही.

एक बदलायचा की दोन? माझं मत जोडीचं. दोन्ही एंड एकाच रस्त्यावर तेवढेच किलोमीटर फिरलेले असतात. एका बाजूचा गेला म्हणजे दुसऱ्याचाही काळ जवळ आला आहे. शिवाय दोनदा बदलले की अलाइनमेंटही दोनदा. एक बाजू नुकतीच बदललेली असेल आणि हाताला घट्ट लागत असेल तर मात्र तिला हात लावू नका.

दुकानात जाताना शक्य असेल तर जुना एंड काढून सोबत न्या, नाहीतर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसिस नंबर तरी. काउंटरवर जुना-नवा शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: टेपरची जाडी, आट्यांची जाडी आणि दिशा, आणि एकूण लांबी. आट्यांची दिशा विशेष बघा. अखंड एक्सलच्या लांब दांड्याला साधारणपणे एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे दांडा फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत किंवा एकदम बाहेर जातात. तिथे डाव्याच्या जागी उजवा एंड बसत नाही. नव्या एंडसोबत नवा नट आणि नवी स्प्लिट पिन आली आहे ना हे डबी उघडून बघा. नसेल तर पाच-दहा रुपयांची पिन वेगळी घ्या. मी ती कधीही जुनी वापरत नाही.

आता हत्यारं. चाकाचा पाना, जॅक, दोन जॅक स्टँड, रिंग पाने आणि फिक्स पाने, पक्कड, तारेचा ब्रश, दोन हातोडे (त्यातला एक चांगला जड), टेप, खडू किंवा पांढरा रंग, गंज सोडवणारं तेल, ग्रीस. बॉल जॉइंटचा पुलर मिळाला तर उत्तम. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवस मागून आणा.

आमच्या भागात एक सवय फार आहे, ती मोडायलाच हवी. जॅक स्टँड नाही म्हणून लोक गाडीखाली चिरे रचतात. चिरा भिंतीत वजन घेतो, कारण तिथे ते सपाट आणि सगळीकडे सारखं पडतं. चॅसिसचं लोखंड त्याच्या एका टोकावर टेकलं आणि वरून हातोड्याचे धक्के बसले, की जांभा दगड न सांगता दोन तुकड्यांत फुटतो. मी खाणीत रोज फुटलेले चिरे बघतो. चिऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीखाली मी जात नाही आणि कुणाला जाऊ देत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही नाही. स्टँड नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

काम सुरू होतं आदल्या संध्याकाळी. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने आमच्याकडे आटे असे गंजतात की पाना लावला तर नटाच्या कडा गोल होतात, नट हलत नाही. तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करा, चेक नटावर (दांड्यावरचा, एंडला चिकटून बसलेला नट) आणि वरच्या नटावर डब्ल्यूडी-४० किंवा तसलं तेल मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा मारा.

सकाळी गाडी सपाट जागी, स्टेअरिंग सरळ, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक, स्टँड आणि चाक बाहेर. काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरला तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्यावर नाही.

आता माप घ्या, आणि यात घाई करू नका. मी दांडा, चेक नट आणि एंड या तिघांवरून एकच सरळ पांढरी रेघ मारतो. मग बॉलच्या दांड्याच्या मध्यापासून टायरॉडवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत टेपने अंतर मोजून वहीत लिहितो, आणि मोबाइलवर फोटोही काढतो. नुसते फेरे मोजून चालत नाही, कारण नव्या एंडची लांबी जुन्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वेगळी असू शकते. फेरे मोजा, पण शेवटचा शब्द टेपचा.

एवढं कशासाठी, ते हिशोबाने सांगतो. समजा आट्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात एंड सरकतो ते अंतर, १.५ मिलिमीटर आहे आणि स्टेअरिंग आर्मची लांबी १५० मिलिमीटर. एंड एक पूर्ण फेरा चुकला तर आर्मचं टोक १.५ मिलिमीटर सरकलं, म्हणजे १०० ला १. टायरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला तर टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत ७ मिलिमीटरचा फरक पडला. बऱ्याच गाड्यांना टो, म्हणजे दोन चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरातला फरक, काही थोडे मिलिमीटरच सांगितलेला असतो. एक फेरा चुकला की नवा टायर खाल्ला जायला सुरुवात होते.

एंड आर्मला जोडलेला असतानाच चेक नट सोडवा. एका फिक्स पान्याने एंड धरा, दुसऱ्याने चेक नट. एकदा सुटला की पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. त्याची जागा हीच तुमची खूण आहे. उलटे आटे असतील तर दिशा उलटी, हे जोर लावण्याआधी आठवा. एका वस्तादाच्या हाताखाली मी सुरुवातीला काम शिकलो, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते पाना लावायच्या आधी बोटाने हवेत दिशा दाखवायला लावायचे: "सोडायचं कुठं, सांग आधी." आजही मी तसंच करतो.

मग स्प्लिट पिन. तिचे पाय पकडीने सरळ करा आणि डोक्याकडून ओढा. गंजून तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचाने ठोकून काढा. वरचा खाचांचा नट सोडवा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या. टेपर सुटताना झटका बसतो, नट असला की एंड खाली आपटत नाही. नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरायला लागला तर एंडखाली जॅक लावून हलकेच वर दाबा, टेपर भोकात घट्ट बसतो आणि फिरणं थांबतं.

टेपर सोडवताना माणसं सगळ्यात जास्त चुका करतात. आटे असलेल्या टोकावर हातोडा मारू नका. एक तर आटे चेपतात, आणि टेपर तरीही सुटत नाही. पुलर असेल तर तो लावून आवळा आणि मग आर्मला बाजूने एक फटका द्या. पुलर नसेल तर आर्मच्या ज्या डोळ्यात टेपर बसलाय त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने जोरात, नेमका फटका मारा. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर पट्‌कन सुटतो. दोन-तीन नेमक्या फटक्यांत होतं. वीस हळू फटक्यांत होत नाही. फाट्यासारखी पाचर घालूनही सुटतं, पण तिने बूट फाटतोच, म्हणून टाकून द्यायच्या एंडवरच ती वापरावी. गॅसच्या ज्योतीने आर्म तापवू नका. शेजारी ग्रीस आणि रबर असतं, आणि आर्मच्या पोलादाला दिलेलं पाणी त्या उष्णतेने उतरतं. स्टेअरिंगच्या भागावर मी कुणालाही गॅस लावू देत नाही.

सुटला की नट काढा, एंड खाली घ्या आणि फिरवून काढताना मोठ्याने फेरे मोजा. अर्धासुद्धा. वहीत लिहा. टायरॉडचे आटे ब्रशने स्वच्छ करून त्यावर थोडं ग्रीस लावा. पुढच्या वेळी सोडवणारे तुम्हीच असणार आहात. आर्मच्या डोळ्यात बोट फिरवून बघा. आतून ओरखडे असतील किंवा भोक अंडाकृती झालं असेल तर नवा एंड टाकून उपयोग नाही, आर्मच बदलावा लागेल.

नवा एंड तेवढेच फेरे फिरवा, मग टेप लावा. माप वेगळं आलं तर मापाप्रमाणे करा, फेऱ्यांप्रमाणे नको. टेपर आणि भोक कोरड्या फडक्याने पुसा. इथे ग्रीस लावायचं नाही. टेपर कोरड्या घर्षणावर धरतो. ग्रीस लावला तर तो हवा त्यापेक्षा खोल ओढला जातो. बॉलचा दांडा भोकात घाला, नट हाताने बसवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, म्हणून माझ्या गाडीचा आकडा इथे देत नाही. टॉर्क आल्यावर नटाची खाच आणि बॉलच्या दांड्याचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. मागे कधीही फिरवू नका. जुळवण्यासाठी ढिला केलेला नट म्हणजे टेपरमध्ये हालचालीला जागा, आणि हालचाल सुरू झाली की भोक मोठं व्हायला वेळ लागत नाही. नवी स्प्लिट पिन घाला, एक पाय दांड्याच्या डोक्यावरून वळवा, दुसरा नटाच्या अंगावर खाली. पिनऐवजी आत नायलॉन असलेला नट आला असेल तर तो एकदाच वापरायचा असतो.

आता चेक नट. तो आवळताना एंड फिरतो आणि तिरका होऊन अडकतो. म्हणून एंड पान्याने मधोमध धरून ठेवा आणि मगच आवळा. आवळल्यावर दांडा हाताने पुढे-मागे डोलवून बघा, दोन्हीकडे सारखा डोलला पाहिजे. एका बाजूला लगेच अडत असेल तर चाक खड्ड्यात गेल्यावर सांधा टोकाला अडेल आणि सगळा धक्का बॉलच्या मानेवर येईल. लांब दांड्याच्या गाडीत दोन्ही टोकांचे एंड एकमेकांशी समांतर आहेत ना हेही बघा.

एंडला ग्रीस निप्पल असेल तर गनने ग्रीस भरा, पण बूट किंचित फुगला की थांबा. बूट फुटेपर्यंत ग्रीस मारणारे मी पाहिलेत. त्यांनी नवा बूट पहिल्याच दिवशी फाडलेला असतो. मग चाक लावण्याआधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकचा पाइप ओढला जात नाही ना, बूट कशाला घासत नाही ना ते बघा.

दुसऱ्या बाजूलाही हेच सगळं. दोन्ही बाजूंच्या बाहेर दिसणाऱ्या आट्यांची संख्या जवळपास सारखी हवी. खूप फरक असेल तर कुणीतरी आधी एकाच बाजूने अलाइनमेंट ओढलेलं आहे, आणि तेव्हा स्टेअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं बसतं.

लांज्यातून अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत जायला मला बरंच अंतर पडतं, आणि तेवढं अंतर चुकलेल्या चाकांवर जायची माझी तयारी नसते. म्हणून घरी कच्चं माप काढतो. चाक उचललेलं असतानाच टायरच्या मध्यावर खडू फासायचा, स्टुलावर खिळा टेकवून धरायचा आणि चाक फिरवायचं. टायरभर एक बारीक गोल रेघ उमटते. दोन्ही चाकांना अशी रेघ काढून गाडी खाली घ्यायची आणि दोन-तीन मीटर पुढे ढकलायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग गवंड्याचा ओळंबा. चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या अंगाला रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची. तशीच मागच्या अंगाला. दोन्ही चाकांच्या पुढच्या खुणांमधलं अंतर आणि मागच्या खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. पुढचं कमी असेल तर चाकं आत बघतात, जास्त असेल तर बाहेर. चेक नट सोडून माप जुळवायचं, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळ आलं की चेक नट पुन्हा आवळून निघायचं, हळूच, रिकाम्या गाडीने, आणि थेट अलाइनमेंटला. तिथे गेल्यावर त्यांना सांगायचं की आधी हलवून बघा. नवा एंड टाकलाय हे सांगितलं तरीही.

रॅकच्या आतच प्ले असेल, स्टेअरिंग बॉक्स ढिला असेल किंवा किंगपिन झिजली असेल तर तिथे मी थांबतो आणि जाणत्या मिस्त्रीकडे जातो. ती कामं घरच्या पडवीत करायची नाहीत. रॅक एंड बदलायला वेगळं हत्यार लागतं, शिवाय घडीचं रबर नीट बसलं नाही तर पाणी थेट रॅकमध्ये जातं.

नव्या एंडवर १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा खाली जाऊन चेक नटाला पाना लावा, पांढरी रेघ सरकली आहे का आणि पिनचे पाय तसेच आहेत का ते बघा. त्यानंतर वर्षातून तीनदा: फेब्रुवारीत आंब्याच्या आधी, मिरगाच्या आधी, आणि दसऱ्याला गाडी धुताना. आता माझा पुतण्या खाली असतो आणि मी वर स्टेअरिंग हलवतो. गेल्या दसऱ्याला त्याने खालून हाक मारली, "काका, उजवीकडे टक्‌ लागतंय." मला वर बसून काहीच जाणवलं नव्हतं. बूट अखंड होता, टायरही नीट होता. त्याचा अंगठा जिथे होता तिथे मी माझा ठेवून बघितला. टक्‌ होतं. त्याच दिवशी दोन्ही बदलले.